शेवंतीचा दांडा आखूड का राहतो: पॉलिहाऊसमधल्या रात्रीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: कोरेगाव तालुक्यात १० गुंठ्यांचं, पंखे नसलेलं, वाऱ्यावर चालणारं पॉलिहाऊस आहे. दोन वर्षं रंगीत ढोबळी घेतली, या वेळी स्प्रे शेवंती (एका दांड्यावर अनेक फुलं येणारी) लावली. लागण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. दांडा ४० सेंमीवर थांबला आणि शेंड्यात कळ्यांचा गुच्छ आला. रस्त्याकडेच्या दोन बेडवर मात्र झाडं कमरेपर्यंत गेली आणि कळीच धरेना. खत, टॉनिक, जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) सगळं देऊन झालं. फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे), शेडनेट, पडदे सगळं आहे, तर मग वातावरण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते खतात नाही. आतल्या बेडवर शेवंतीला पहिल्या दिवसापासून लांब रात्र मिळाली, म्हणून ती वाढायच्या आधीच फुलावर आली. रस्त्याकडेच्या बेडवर दिव्याचा उजेड रात्रभर पडत राहिला, म्हणून तिला फुलायची वेळ झाली हे कळलंच नाही. ढोबळीत तापमान आणि पाणी सांभाळलं की बरंच निभतं. शेवंतीत त्याच्याही आधी रात्र सांभाळावी लागते. फॉगर-शेडनेटवर लाखो रुपये घालून रात्रीकडे दुर्लक्ष केलं, तर माल ४० सेंमीचाच निघणार.

शेवंती दिवसाची लांबी मोजत नाही, सलग अंधार मोजते. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबड्या प्रकाशाने, म्हणजे साधारण ६६० नॅनोमीटरच्या, ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परत फिरतं. अंधार पुरेसा लांब आणि अखंड असला की शेंड्याला कळी धरायचा निरोप जातो. मध्यरात्री थोडा उजेड पडला की मोजणी तुटते आणि झाड नुसतं वाढत राहतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली हे पहिल्यांदा नीट मांडलं, तेही तंबाखूच्या अशा एका वाणावर जो उन्हाळाभर वाढायचा पण फुलायचाच नाही.

आता आपल्याकडचे आकडे. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, सांगली १६.९ वर. साताऱ्यात २१ जूनचा दिवस सूर्योदय ते सूर्यास्त जेमतेम १३ तास १० मिनिटांचा, २१ डिसेंबरचा ११ तास ५ मिनिटांचा. सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाश झाडाला जाणवतो, म्हणून दोन्हीत अर्धा-पाऊण तास मिळवा. बहुतेक कट शेवंतीला कळी धरायला साडेचौदा तासांच्या आसपास किंवा त्याहून लहान दिवस लागतो, आणि धरलेली कळी नीट भरायला त्याहूनही लहान, साधारण १२ ते साडेतेरा. वाणागणिक हा आकडा सरकतो. याचा अर्थ असा की ऑगस्टअखेरपासून मार्चपर्यंत आपल्याकडे कधीही लावलेली शेवंती लागलीच फुलावर यायला बघते. मे-जून-जुलैत ती अधांतरी राहते, म्हणजे कळी धरते पण भरत नाही.

ही अधांतरी कळी ओळखायला शिका. कळीच्या लगेच खालची पानं बघा. शेवंतीचं पान एरवी खाचांचं असतं. फसव्या कळीखाली पानाच्या खाचा नाहीशा होतात आणि पान पट्टीसारखं लांब, अरुंद होतं. मधली कळी बटणासारखी थांबते आणि तिच्या बगलेतून पालेदार फुटवे वर निघतात. अशी झाडं दिसली की खताचं वेळापत्रक तपासत बसू नका, दिवे आणि काळा पडदा तपासा.

पिकाचे सरळ दोन टप्पे करायचे: पहिला दिव्याचा, दुसरा अंधाराचा. लागणीच्या पहिल्या रात्रीपासून दिवे लागले पाहिजेत. ‘रोपं रुजू देत, मग आठवड्याने दिवे लावू’ हा विचार महागात पडतो. हिवाळ्यात रोज रात्री १० ते २ असे चार तास द्या, उन्हाळ्यात ११ ते दीड पुरतं. नियम इतकाच की रात्रीचा कोणताही सलग अंधार सात तासांच्या पुढे जाता कामा नये. संध्याकाळी सहा ते दहा दिवे लावून उपयोग नाही, कारण डिसेंबरात त्यानंतरही पहाटेपर्यंत आठ-साडेआठ तासांचा अंधार उरतो. रात्र मधोमध तोडायची.

उजेड झाडाच्या शेंड्यावर १०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास हवा. ९ वॅटचे वॉर्म व्हाइट एलईडी बल्ब शेंड्यापासून दीड मीटर उंचीवर, दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने टांगले, की १० गुंठ्यांना २५० बल्ब बसतात. एकूण भार सव्वादोन किलोवॅट, चार तासांचे ९ युनिट, चार आठवड्यांचे साधारण २५० युनिट. वॉर्म व्हाइट अशासाठी की त्यात तांबडा भाग जास्त असतो. निळसर पांढऱ्या बल्बमध्ये तो कमी पडतो. बसवल्यावर रात्री लक्समीटर घेऊन आत जा आणि बल्बच्या खाली नव्हे, चार बल्बांच्या मधोमध, शेंड्याच्या उंचीवर माप घ्या. तिथे ७० च्या खाली आकडा आला तर त्या चौकोनातली झाडं आधी कळी धरतील आणि कापणीला तुमचा बेड वरखाली होईल. कडेच्या बेडवर शेजारचा बल्ब एकाच बाजूला असतो, म्हणून कडेला अंतर दीड मीटर करा.

विजेचं काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. शेतीची थ्री-फेज पाळीने येते, रात्री कधी असते कधी नसते. यावर चांगला उपाय म्हणजे दिवे पाळीने लावणं. शेवंतीला चार तास सलग उजेड लागत नाही. दर अर्ध्या तासात ६ मिनिटं मिळाली तरी मोजणी तुटते. पॉलिहाऊसचे पाच भाग करा, प्रत्येक भागाला ६ मिनिटं, की अर्ध्या तासात फेरी पूर्ण. एका वेळी ५० बल्ब लागतात, म्हणजे भार ४५० वॅट. एवढं घरगुती इन्व्हर्टर ओढतो. चार तासांचे १.८ युनिट होतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत कागदावर तेवढंच बसतं, पण पूर्ण रिकामी केली तर बॅटरी वर्षात जाते, म्हणून दोन लावा. या पद्धतीला एलईडीच हवा. सीएफएल सारखा चालू-बंद केला तर लवकर उडतो आणि उजळायलाही वेळ घेतो.

टायमर घेताना बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्या. चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. दिवसा तीन तास वीज गेली, की तुमचे दहाचे दिवे एकला लागतात आणि पाचला विझतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. पॅनेलवर एक अवरमीटर (दिवे किती वेळ चालले ते मोजणारा) बसवून रोज सकाळी आकडा वहीत लिहा. (पाळीने दिवे असतील तर तो एकाच भागाच्या लाइनवर बसवा, रोज ४८ मिनिटं पडली पाहिजेत.) एखादी रात्र चुकली तर बहुतेक वाण सांभाळून घेतात, सलग दोन-तीन चुकल्या तर नाही.

दिवे बंद कधी करायचे ते कॅलेंडर बघून नव्हे, पट्टी लावून ठरवा. हिवाळ्यात झाड ३० ते ३५ सेंमी झालं की, उन्हाळ्यात २५ झालं की. थंडीत एवढ्याला चार-पाच आठवडे जातात, गरमीत तीन. बंद केल्यानंतरही दांडा आणखी ४५-५० सेंमी वाढतो, त्यामुळे शेवटी ८० च्या आसपास माल मिळतो. बंद म्हणजे पूर्ण बंद. त्या दिवसापासून कळीला रंग दिसेपर्यंत, साधारण सहा आठवडे, एकही रात्र उजेडाने तुटता कामा नये.

इथे तुमचे रस्त्याकडेचे दोन बेड येतात. पथदिवा, गोठ्यावरचा बल्ब, शेजारच्या उसाच्या मोटारीवरचा फोकस, यातलं काहीही २० लक्सच्या जवळ पोचलं की त्या ओळी मागे पडतात. गटरपासून (छताच्या पन्हळीपासून) जमिनीपर्यंत त्या बाजूला जाड काळं कापड लावा, प्रश्न मिटतो. चांदण्याची काळजी करू नका. पौर्णिमेचा उजेड पाव-अर्ध्या लक्सचा असतो, त्याने शेवंती अडत नाही.

जातींच्या यादीत ७ आठवडे, ८ आठवडे, ९ आठवडे असं लिहिलेलं असतं ते दिवे बंद केल्यापासून कापणीपर्यंतचं. लागणीपासूनचं नव्हे. लग्नसराईसाठी १ डिसेंबरला माल हवा असेल आणि वाण ८ आठवड्यांचा असेल, तर दिवे ६ ऑक्टोबरला बंद आणि लागण ८ सप्टेंबरला. पुणे मार्केटयार्ड आणि दादरला एकाच दिवशी सगळं पाठवायचं नसेल, तर पाच-सहा बेडांचे गट करून आठवड्याच्या अंतराने लावा. पण मग दोन गटांमध्ये काळा पडदा हवाच, नाहीतर एका गटाचे दिवे दुसऱ्याच्या अंधारात घुसतात.

मार्च ते सप्टेंबर अंधाराच्या टप्प्यात गटवार काळं कापड ओढावं लागतं, संध्याकाळी ७ ते सकाळी ८, म्हणजे १३ तास. बरेच जण मजूर पाचला सुटतात म्हणून पाचलाच ओढतात. एप्रिलात पाच वाजता कापडाखाली ४० अंशांची भट्टी होते, आणि त्या गरमीने नुकती धरलेली कळी रेंगाळते. ८ आठवड्यांचा वाण ९-१० वर जातो. कापड उशिरा ओढा, सकाळी उशिरा काढा, तास तेवढेच राहतात. अंधार पडल्यावर तासभर खालची कड थोडी उचलून गरम हवा जाऊ द्या. प्लॅस्टिकपेक्षा दाट विणीचं कापड बरं, त्यातून वाफ थोडी तरी निघते.

आता तापमान. शेवंतीला रात्री १५ ते १८ आणि दिवसा २० ते २६ अंश आवडतात. दिवसापेक्षा रात्रीचा आकडा महत्त्वाचा, कारण कळी रात्रीच्या हिशेबावर धरते. जानेवारीत साताऱ्यात रात्र १२-१३ वर उतरते तेव्हा पडदे साडेचार-पाचलाच, आत ऊब असतानाच खाली घ्या. सूर्य गेल्यावर घेऊन अडवायला काही उरत नाही. थंडी जास्त पडली की पांढऱ्या फुलावर गुलाबी झाक येते, गरमी जास्त झाली की गुलाबी फूल फिकं पडतं. व्यापारी दोन्हीचे पैसे कापतो.

तापमापक कुठे टांगला आहे ते पहिल्यांदा बघा. खांबाला, डोक्यावर, उन्हात टांगलेला तापमापक फिल्मखालचं तापमान सांगतो, झाडाचं नाही. शेंड्याच्या उंचीवर, बेडाच्या मधे, सावली केलेल्या डबीत, कमाल-किमान नोंदवणारा ठेवा. दोन ठिकाणी ठेवा, मधे आणि टोकाला.

आर्द्रतेचा नुसता टक्का फसवतो. २५ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेला अजून साधारण ०.९५ किलोपास्कल (दाबाचं एकक) बाष्पाची भूक असते, झाड आरामात पाणी ओढतं, कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचतो. ३६ अंशांना २५ टक्के असेल, जसं जत-आटपाडी-माणकडे एप्रिलात होतं, तर तीच भूक साडेचार किलोपास्कलच्या घरात जाते. पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं. तेव्हा पाणी कितीही सोडा, झाड दुपारी वाढत नाही. फॉगर यासाठी. एका वेळी ३०-४० सेकंद, दर १०-१५ मिनिटांनी, आणि आर्द्रता ७० च्या वर असेल तर अजिबात नाही. दुपारी साडेतीननंतर फॉगर बंद, म्हणजे पान सूर्यास्ताआधी कोरडं होतं. कळीला रंग आला की कायमचे बंद. विहिरीचं जड पाणी फॉगरला लावलं तर पानावर पांढरा थर बसतो आणि नोझल महिन्यात चोंदतात. शेततळ्याचं गाळलेलं पावसाचं पाणी ठेवा.

उलटी बाजू पावसाळ्यात आणि पहाटे. हवा २४ अंशांना ८५ टक्के असेल तर ती २१ च्या थोडं वर आली की दव सुटतं. म्हणजे पहाटे नुसतं तीन अंश उतरलं की फिल्मवरून थेंब टपकायला लागतात आणि उमलत्या फुलात बोट्रायटिस ही बुरशी शिरते. पाकळीवर आधी सुईच्या टोकाएवढे पाणथळ ठिपके, दोन दिवसांत तपकिरी कूज. पावसाच्या भीतीने पडदे चोवीस तास खाली ठेवणं ही जुलै-ऑगस्टमधली सर्वांत मोठी चूक. वाऱ्याच्या बाजूचा, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेचा, पडदा खाली ठेवा आणि पूर्वेचा वरचा हातभर भाग उघडा राहू द्या. छताचा झरोकाही पूर्वेकडे तोंड करूनच असायला हवा. पश्चिमेकडे असेल तर पाऊस आत येतो आणि वळवाच्या वाऱ्यात फिल्म फाटते. हिवाळ्यातही ऊन पानावर आलं की पडदे टप्प्याटप्प्याने उघडा. बंद घरात सकाळी तास-दोन तासांत झाडं आतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमी करतात, आणि ऊन असूनही वाढ थांबते. उघड्या घरात सिलिंडर लावून तो देण्यात मात्र काही अर्थ नाही.

शेडनेट लागणीनंतर ८-१० दिवस ओढा, नंतर एप्रिल-मेत ११ ते ४. डिसेंबर-जानेवारीत ते गुंडाळून ठेवा. दिवसभर ५० टक्के सावलीत दांडा लांबतो खरा, पण बोटात धरला की वाकतो. जीएचंही तेच, लांबी मिळते पण फुलाखालची मान बारीक होते. आखूड दांड्यावर जीए हा इलाज नाही.

माती आणि पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ढोबळीमुळे त्यातलं बरंचसं तुम्हाला येत असणार. बेड ९० सेंमी रुंद, ३०-४० सेंमी उंच, मधली वाट ४५-५०. आधार-जाळी १२.५ सेंमी चौकटीची, शेवंतीचा प्रत्येक चौकटीत एक दांडा, शेंडा न खुडता. सामू साडेपाच ते साडेसहा. कृष्णाकाठच्या काळ्या चुनखडी जमिनीत हे बसत नाही, म्हणून जावळी-पाटणकडची लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस वापरतात. ढोबळीनंतर तोच बेड तसाच वापरू नका. एप्रिल-मेत बेड ओला करून, पारदर्शक पातळ प्लॅस्टिक घट्ट ताणून ४ ते ६ आठवडे तापवा. सूत्रकृमी आणि मर दोन्ही बऱ्यापैकी खाली येतात. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर फॉस्फरिक किंवा नायट्रिक ॲसिडने सामू सहाच्या आसपास आणा. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, आणि हातमोजे-चष्मा घाला.

खत पहिल्या सात आठवड्यांत चांगलं लागतं. नत्र १५० ते २०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), द्रावणाचा ईसी (विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा आकडा) १.२ ते १.८. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) एका लिटरला एक ग्रॅम म्हणजे १९० पीपीएम नत्र, हे डोक्यात ठेवलं की हिशेब सोपा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत. मॅग्नेशियम सल्फेट किंवा ०:५२:३४ बरोबर एकत्र केलं तर खाली पांढरा गाळ बसतो आणि ड्रिपर बंद. कळीला रंग दिसला की नत्र जवळजवळ थांबवा, १३:०:४५ वर अर्ध्या मात्रेत या. उशिरा दिलेल्या नत्राने पान हिरवंगार दिसतं पण फूलदाणीत फूल टिकत नाही. पाणी मुठीने तपासा: १० सेंमी खोलीवरची माती दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये.

रोपं घेताना एक गोष्ट नर्सरीत जाऊन, शक्यतो रात्री, बघा: मातृवृक्षांवर, म्हणजे ज्यांच्या काड्यांपासून रोपं करतात त्या झाडांवर, दिवे लागतात का. हिवाळ्यात दिव्याविना ठेवलेल्या झाडाची काडी कापतानाच तिच्या शेंड्यात कळीची गाठ धरलेली असते. बाहेरून रोप छान दिसतं. शेंडा दोन बोटांत हलकेच उकला. मधे कोवळ्या पानांऐवजी मोहरीएवढा टणक दाणा लागला तर ती ट्रे परत करा. असं रोप तुमच्या दिव्यांखाली कितीही ठेवलं तरी सुधारत नाही. लावताना खोल लावू नका, कोकोपीटचा गड्डा मातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहू द्या, नाहीतर मान कुजते.

स्प्रे वाणात मधली कळी वाटाण्याएवढी होऊन रंग दाखवू लागली की नखाने खुडून काढा. ती आधी फुलून आधी वाळते आणि सगळा दांडा जुना दिसतो. ती काढली की बाजूची पाच-सहा फुलं एका उंचीवर येतात. कापणी सकाळी, जमिनीपासून १० सेंमी सोडून, कारण त्याखालचा लाकडी भाग पाणी ओढत नाही. खालच्या तिसऱ्या हिश्शाची पानं काढून दांडे लगेच स्वच्छ पाण्यात.

तुमच्या हातात आत्ता जे पीक आहे, त्यातल्या ४० सेंमीच्या बेडांना आता दिवे लावू नका. कळी धरलेल्या झाडाला उजेड दिला तर तीही बिघडते. नत्र कमी करा, मधली कळी खुडा आणि तो माल आखूड दांड्याच्या जुडीत, गुच्छवाल्यांना द्या. रस्त्याकडेच्या दोन बेडांना आज संध्याकाळीच काळं कापड बांधा. आजपासून वाणाचे ७-८ आठवडे मोजा. रात्री १५ च्या खाली जात असतील तर एखादा आठवडा जास्त धरा. ती झाडं आधीच कमरेएवढी आहेत, म्हणून जाळीचा दुसरा थर वर चढवून ठेवा, नाहीतर फुलाच्या वजनाने आडवी होतील.